मध, काकवी, सिरप आणि पाक: कप-चमच्यांच्या मापावरून वजन कसे काढावे? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाककृतीत ‘पाऊण कप मेपल सिरप’ किंवा ‘दोन मोठे चमचे मध’ असे लिहिलेले असते आणि ओट्यावर मात्र वजनकाटा असतो. कधी याच्या उलट, पाककृती ग्रॅममध्ये असते आणि हाताशी फक्त वाट्या-चमचे असतात. पीठ मोजताना ते चाळून घेतले की दाबून भरले, यावर एकाच कपाचे वजन बदलते. पातळ गोड पदार्थांत तसे होत नाही, कारण त्यांच्या कणांमध्ये हवा अडकलेली नसते. तेथे वजन ठरवते ते मुख्यतः एकच गोष्ट, ती म्हणजे पदार्थात पाणी किती आहे. हे ध्यानात ठेवले, तर पुढचे बहुतेक प्रश्न साध्या गुणाकाराने सुटतात.

एका कपात पाणी २४० ग्रॅम मावते, मग मधही २४० ग्रॅमच का मावत नाही?

कप जागा मोजतो, वजन मोजत नाही. पाण्यात साखर विरघळली की द्रावणाचे आकारमान वाढते, पण वजन त्याहून अधिक वाढते. म्हणून साखरेचे प्रमाण जितके जास्त, तितका तेवढ्याच जागेतला पदार्थ जड. मधात वजनाच्या साधारण ८२ टक्के शर्करा आणि १८ टक्के पाणी असते, त्यामुळे त्याच कपात सुमारे ३४० ग्रॅम मध मावतो. म्हणजे पाण्याच्या अंदाजाने मध मोजणाऱ्याच्या हातून दर कपामागे शंभर ग्रॅमची तफावत होते, आणि केकच्या किंवा चिक्कीच्या बाबतीत एवढी तफावत पदार्थ बिघडवायला पुरेशी असते.

हिशेबाचे सूत्र कोणते?

मिलिलिटरला घनतेने, म्हणजे एका मिलीच्या ग्रॅममधल्या वजनाने, गुणले की ग्रॅम मिळतात, आणि ग्रॅमला घनतेने भागले की मिलिलिटर. मधाची घनता १.४२ धरली, तर १०० मिली मधाचे वजन १४२ ग्रॅम होते आणि १०० ग्रॅम मधाला ७० मिली जागा लागते.

तोंडी हिशेबासाठी अपूर्णांक अधिक सोयीचे पडतात. मधासारख्या दाट पदार्थांत मिलीच्या आकड्यात त्याचे दोन-पंचमांश मिळवावेत. मेपल सिरपमध्ये एक-तृतीयांश मिळवावा. समान वजनाची साखर आणि पाणी यांच्या पातळ पाकात एक-चतुर्थांशाहून किंचित कमी. स्वयंपाकघरात याहून सूक्ष्म आकडेमोड फारशी लागत नाही.

नेहमीच्या पदार्थांचे तयार आकडे मिळतील का?

पुढील आकडे साधारण खोलीच्या तापमानाचे असून सोयीसाठी जवळच्या पूर्णांकाकडे वळवलेले आहेत. छोटा चमचा ५ मिलीचा, मोठा चमचा १५ मिलीचा आणि कप २४० मिलीचा धरला आहे.

मध, गोल्डन सिरप आणि द्रव ग्लुकोज: घनता सुमारे १.४२. छोटा चमचा ७ ग्रॅम, मोठा चमचा २१ ग्रॅम, कप ३४० ग्रॅम.
बेकरीत वापरले जाणारे मोलॅसिस (उसाची खाण्याजोगी मळी): १.४० ते १.४२. चमच्यांचे वजन मधाप्रमाणेच, कप ३३५ ते ३४० ग्रॅम.
कॉर्न सिरप: सुमारे १.३८. छोटा चमचा ७ ग्रॅम, मोठा चमचा २१ ग्रॅम, कप ३३० ग्रॅम.
काकवी: १.३३ ते १.४०. मोठा चमचा २० ते २१ ग्रॅम, कप ३२० ते ३३५ ग्रॅम.
मेपल सिरप: सुमारे १.३३. छोटा चमचा साडेसहा ग्रॅम, मोठा चमचा २० ग्रॅम, कप ३२० ग्रॅम.
कंडेन्स्ड मिल्क: सुमारे १.२९. छोटा चमचा साडेसहा ग्रॅम, मोठा चमचा १९ ग्रॅम, कप ३१० ग्रॅम.
समान वजनाच्या साखर-पाण्याचा पाक: १.२३. छोटा चमचा ६ ग्रॅम, मोठा चमचा साडेअठरा ग्रॅम, कप २९५ ग्रॅम.

यातून एक गोष्ट दिसते. चमच्याच्या पातळीवर हे पदार्थ एकमेकांपासून फारसे दूर नाहीत. ‘छोटा चमचा सात ग्रॅम, मोठा एकवीस’ एवढे पाठ असले तरी बहुतेक वेळा काम भागते. फरक जाणवू लागतो तो कपाकपाने माप घेताना.

निरनिराळ्या पुस्तकांत आणि तक्त्यांत आकडे वेगळे का असतात?

याची दोन कारणे आहेत. पहिले कारण कपाचे आहे आणि दुसरे पदार्थाचे.

अमेरिकी कप २३६.६ मिलीचा असतो. तेथील पोषणमूल्यांच्या लेबलांवर तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलियातला मेट्रिक कप २५० मिलीचा. आपल्याकडे मिळणारे मापाचे कपही २४० आणि २५० अशा दोन्ही मापांत येतात, म्हणून कपाच्या तळाशी किंवा दांड्यावर कोरलेला आकडा एकदा वाचून ठेवावा. अमेरिकी कपात मध ३३६ ग्रॅम मावतो, तर २५० मिलीच्या कपात ३५५ ग्रॅम. म्हणजे पाच-सहा टक्क्यांचा फरक केवळ कप बदलल्यामुळे पडतो.

दुसरे कारण असे, की एकाच नावाखाली विकले जाणारे सिरप सर्वत्र सारखे नसते. कॉर्न सिरपचे उदाहरण बोलके आहे. अमेरिकी तक्त्यांत त्याच्या एका कपाचे वजन ३१२ ग्रॅमही लिहिलेले आढळते आणि ३४१ ग्रॅमही. कारखान्यात वापरले जाणारे दाट सिरप आणि दुकानातल्या बाटलीतले जरा सैल सिरप यांतला पाण्याचा फरक अशा ठिकाणी डोकावतो. मेपल सिरपचे मात्र आकडे बरेच जुळतात, कारण ते किती आटवायचे याचे नियम ठरलेले आहेत: त्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण वजनाच्या ६६ ते ६७ टक्क्यांच्या आसपास ठेवले जाते. दोन तक्ते एकमेकांशी भांडत असतील, तर जो तक्ता कपाचे मिलीमधले माप सांगतो त्यावर अधिक विश्वास ठेवावा.

मोठा चमचा सर्व देशांत १५ मिलीचाच असतो का?

नाही. भारत, ब्रिटन आणि अमेरिका येथील आजच्या पाककृतींत तो १५ मिलीचा (अमेरिकेत काटेकोरपणे १४.८ मिलीचा) धरला जातो, पण ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलीचा, म्हणजे चार छोट्या चमच्यांचा असतो. मेलबर्न-सिडनीकडे राहणाऱ्या नातेवाइकांनी पाठवलेल्या पाककृतीतला ‘एक टेबलस्पून मध’ म्हणूनच २१ नव्हे, तर २८ ग्रॅमचा निघतो. घरातले जेवणाचे स्टीलचे चमचे या कोणत्याच मापाला बांधलेले नसतात. मापाचा चमचा वेगळा ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

आमच्या पाककृती वाटीच्या मापात आहेत. त्या ग्रॅममध्ये बदलणे आवश्यक आहे का?

सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजायचे असतील, तर मुळीच नाही. ‘एक वाटी कणीक, पाऊण वाटी काकवी’ असे लिहिणारी व्यक्ती वजन सांगतच नसते, ती प्रमाण सांगते. वाटी लहान असली काय आणि मोठी असली काय, प्रमाण तेच राहते. अडचण येते ती अर्धे जिन्नस वाटीने आणि अर्धे काट्यावर घेताना, किंवा एका घरातली पाककृती दुसऱ्या घरातल्या वाटीने करून पुन्हा अंडी, पाकिटातले लोणी असे ठरावीक वजनाचे जिन्नस त्यात घालताना. अशा वेळी आधी आपल्या वाटीत पाणी भरून ते किती ग्रॅम भरते हे पाहावे. पाण्याच्या बाबतीत ग्रॅम आणि मिली व्यवहारात एकच असल्यामुळे तोच आकडा वाटीच्या मापाचा. वाटी १५० मिलीची निघाली, तर वाटीभर मध २१३ ग्रॅम आणि वाटीभर मेपल सिरप २०० ग्रॅम होईल.

जुन्या वहीत ‘पावशेर काकवी’ लिहिले आहे. त्याचे किती ग्रॅम धरावेत?

येथे थोडे सावध राहावे लागते, कारण शेर हा वजनाचाही होता आणि धान्य-दूध मापण्याच्या भांड्याचाही. वजनाचा प्रमाण शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पावशेर २३३ ग्रॅमचा होतो. स्थानिक शेर गावोगाव निराळे असत, हेही विसरता येत नाही. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने आली आणि मग बाजारात पावशेर म्हणजे पाव किलो, असा व्यवहार रुळला. वही दशमान पद्धतीनंतरची असेल, तर निःशंकपणे २५० ग्रॅम धरावेत. आधीची असेल, तर २३३ पासून सुरुवात करून बाकीच्या जिन्नसांशी प्रमाण जुळते का ते पाहावे. काकवी बहुधा तोलूनच विकली जाई, पण घरात ती मापाने काढली जात असण्याचीही शक्यता असते, आणि त्याच वहीत दूध किंवा तेल कोणत्या मापात लिहिले आहे यावरून त्याचा अंदाज येतो.

काकवीसाठी एकच आकडा का दिला नाही?

कारण काकवी प्रत्येक गुऱ्हाळात वेगळी उतरते. गूळ करायचा असेल, तर काहिलीतला उसाचा रस सुमारे ११८ अंश सेल्सिअसपर्यंत आटवतात. काकवी त्याच्या बरीच आधी, १०५ अंशांच्या आसपास उतरवतात. या टप्प्यावर एखाद-दुसऱ्या अंशाचा फरकसुद्धा पाण्याच्या प्रमाणात काही टक्क्यांचा फरक पाडतो. ६५ टक्के घन पदार्थ असलेल्या द्रावणाची घनता १.३२ च्या जवळ असते, ७० टक्क्यांना ती १.३५ होते, ७५ टक्क्यांना १.३८ आणि ८० टक्क्यांना १.४१. काकवी या पट्ट्यात कोठेही असू शकते. थालीपिठावर किंवा घावनाबरोबर घेताना कोणी हा विचार करणार नाही आणि करूही नये, पण काकवी घालून केक किंवा बिस्किटे करणाऱ्याने प्रत्येक नवी बाटली एकदा तोलून पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणखी एक सूचना येथेच केलेली बरी. काकवी आणि साखर कारखान्यातली मळी या एक नव्हेत. मळी साखर काढून घेतल्यावर उरते. काकवीत उसाची सगळी साखर शिल्लक असते. परदेशी पाककृतीतल्या मोलॅसिसऐवजी काकवी घालताना वजन तेवढेच ठेवता येते, पण चव सौम्य आणि गोडी अधिक येते.

घरच्या घरी घनता कशी काढावी?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा आणि एक उभट भांडे पुरते. भांड्यावर एका ठिकाणी रेघ करावी, किंवा काठ सपाट असेल, तर काठोकाठ भरावे. रिकाम्या भांड्याचे, रेघेपर्यंत पाणी भरलेल्या भांड्याचे आणि रेघेपर्यंत काकवी भरलेल्या भांड्याचे अशी तीन वजने घ्यावीत.

समजा, रिकामे भांडे ८६ ग्रॅम, पाण्यासह २३६ ग्रॅम आणि काकवीसह २९० ग्रॅम भरले. पाणी १५० ग्रॅम, काकवी २०४ ग्रॅम. २०४ ला १५० ने भागले की १.३६ ही घनता मिळते. हा आकडा बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवला, की ती बाटली संपेपर्यंत पुन्हा मोजण्याची गरज नाही. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पाण्यानंतर भांडे पूर्ण कोरडे करावे, आणि ओतताना आलेले बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबावे. दाट काकवीत त्यांना वेळ लागतो आणि घाई केली, तर घनता खरीपेक्षा कमी निघते.

जो मध अधिक घट्ट, तो अधिक जड, असे समजावे का?

सरसकट समजू नये. घट्टपणा आणि घनता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल पाण्यापेक्षा दाट वाहते, पण पाण्यावर तरंगते. मधाच्या बाबतीत गोंधळ होतो, कारण पाणी कमी झाले की तो घट्टही होतो आणि जडही. फरक एवढाच, की घट्टपणा कितीतरी पटींनी बदलतो, तर घनता जेमतेम दोन-तीन टक्क्यांनी: १५ टक्के पाण्याच्या मधाची घनता १.४३५ असते आणि २० टक्के पाण्याच्या मधाची सुमारे १.४०. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात २० टक्क्यांहून अधिक पाणी असू नये आणि २७ अंश तापमानाला त्याचे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत तो किती पट जड आहे तो आकडा) १.३५ पेक्षा कमी असू नये. जंगलातून आणलेला आग्या माश्यांचा किंवा पावसाळी हवेत काढलेला मध पुष्कळदा पातळ असतो. त्यासाठी १.४२ ऐवजी १.३९ धरला, तर अंदाज अधिक जवळचा येईल.

हिवाळ्यात मध थिजतो, त्यात रवाळ कण दिसतात. त्याने वजन बदलत नाही, पण कपात तो नीट बसत नाही आणि मध्ये हवा राहते; म्हणून थिजलेला मध मापाने घेऊच नये, थेट तोलावा. तसेच थंड मध आणि कोमट मध यांच्या वाहण्यात जमीन-अस्मानाचा फरक असला, तरी वीस अंशांच्या फरकाने घनता सुमारे एक टक्काच बदलते. कोमट करून ओतलेल्या मधासाठी वेगळा आकडा वापरण्याचे कारण नाही.

बाटलीवर ५०० ग्रॅम लिहिलेले असते, मग बाटली अर्ध्या लिटरच्या बाटलीपेक्षा इतकी लहान का दिसते?

कारण ५०० ग्रॅम मधाला सुमारे ३५० मिलीच जागा लागते. भारतात मध वजनावर विकला जातो, तर मेपल सिरपसारखे आयात पदार्थ पुष्कळदा मिलीवर; २५० मिलीच्या मेपल सिरपच्या बाटलीत ३३० ग्रॅमच्या आसपास सिरप असते. किमतीची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच मापात आणल्याशिवाय ती तुलना निरर्थक ठरते.

अमेरिकी पाककृतीतला ‘औंस’ वजनाचा धरावा की मापाचा?

हा प्रश्न खरोखर त्रासदायक आहे, कारण अमेरिकेत एकाच शब्दाने दोन्ही मापे चालतात. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. मापाचा, म्हणजे द्रव औंस २९.५७ मिलीचा, आणि त्यात मध भरला तर त्याचे वजन ४२ ग्रॅम होते. पाण्याच्या बाबतीत हे दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने चूक लपून जाते. मधाच्या बाबतीत ती दीडपट होते. पाककृतीत ‘द्रव’ असे स्पष्ट लिहिलेले असेल, तर मापाचा धरावा. डबा किंवा बाटलीचा उल्लेख असेल, उदाहरणार्थ १४ औंसांचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, तर तो वजनाचा असतो आणि त्याचे ३९७ ग्रॅम होतात. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या १२ औंसांच्या मधाच्या बाटलीत ३४० ग्रॅम, म्हणजे योगायोगाने जवळजवळ एक कपच मध असतो.

एक वाटी साखर आणि अर्धी वाटी पाणी घेतले, तर दीड वाटी पाक होतो का?

होत नाही, आणि हे अनेकांना खरे वाटत नाही. १५० मिलीच्या वाटीत साखर सुमारे १२७ ग्रॅम मावते, कारण साखरेच्या दाण्यांमध्ये पुष्कळ मोकळी जागा असते. अर्धी वाटी पाणी ७५ ग्रॅम. एकूण वजन २०२ ग्रॅम. साखर त्याच्या ६३ टक्के. अशा द्रावणाची घनता सुमारे १.३०, म्हणजे आकारमान सुमारे १५५ मिली. साखर विरघळताच आणि पाणी आटण्याआधीच दीड वाटीची जेमतेम एक वाटी उरते. म्हणून पाककृतीत ‘एक वाटी पाक’ लिहिले असेल, तेव्हा तो तयार पाक आहे की एका वाटी साखरेचा पाक आहे, हे आधी नक्की करावे. या दोहोंत गल्लत केली, तर लाडवांचे मिश्रण सैल होते किंवा भगराळ राहते.

पाकाची तार पाहण्याऐवजी वजनावर पाक ठरवता येतो का?

येतो. उकळताना पाणी उडते, साखर उडत नाही. त्यामुळे साखरेचे मूळ वजन ठाऊक असले, की पाकाच्या वजनावरून त्यात साखर किती टक्के आहे हे कळते. वरच्या उदाहरणातली १२७ ग्रॅम साखर घेऊन पाकाचे वजन १६९ ग्रॅमवर आले, तर साखर ७५ टक्के; १५९ ग्रॅमवर आले, तर ८० टक्के. आधी रिकाम्या पातेल्याचे वजन लिहून ठेवावे आणि नंतर त्यातून वजा करावे.

अनुभवी हाताला तार पाहणे यापेक्षा सोपे आहे, यात शंका नाही. वजनाची रीत उपयोगी पडते ती मोठ्या प्रमाणावर, रोज सारखाच पाक हवा असणाऱ्यांना, किंवा ज्यांचा अजून तारेवर विश्वास बसलेला नाही त्यांना. गरम पातेले थेट काट्यावर कधीही ठेवू नये; मध्ये लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा, नाहीतर काट्यातला सेन्सर खराब होतो.

साखरेऐवजी मध घालायचा असेल, तर किती?

गोडीचा नव्हे, तर शर्करेच्या वजनाचा हिशेब केला, तर २०० ग्रॅम साखरेला सुमारे २४५ ग्रॅम मध लागतो. त्याबरोबर ४५ ग्रॅमच्या आसपास पाणीही येते, म्हणून पाककृतीतले दूध किंवा पाणी तेवढे कमी करावे. २४५ ग्रॅम मध म्हणजे १७२ मिली. ‘कपभर साखरेला पाऊण कप मध’ हा जो प्रचलित नियम आहे, तो याच हिशेबातून जवळपास येतो. मध साखरेपेक्षा जिभेला अधिक गोड लागत असल्याने पुष्कळ जण २०० ग्रॅम साखरेला २०० ग्रॅमच मध घालतात, आणि चवीच्या दृष्टीने ते योग्यही ठरते. मधाचा केक लवकर करपतो, त्यामुळे भट्टीचे तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवणे बरे.

गुळाऐवजी काकवी घ्यायची असेल, तर?

चांगल्या कोरड्या गुळात पाणी पाच टक्क्यांच्या आसपास आणि काकवीत २८ टक्के धरले, तर १०० ग्रॅम गुळाला सुमारे १३२ ग्रॅम काकवी लागते. तिची घनता १.३६ धरल्यास ती ९७ मिली होते. म्हणजे ‘शंभर ग्रॅम गूळ, शंभर मिली काकवी’ एवढे लक्षात ठेवले तरी चालते. मात्र या काकवीतून साधारण ३७ ग्रॅम पाणी पदार्थात येते. खिरीत ते खपून जाते, भाकरीच्या किंवा पुऱ्यांच्या पिठात पाणी कमी करून ते सांभाळता येते, पण गूळपोळीच्या सारणात ते सांभाळता येत नाही. तेथे गूळच घ्यावा.

चिकट पदार्थ वाया न घालवता तोलण्याची रीत कोणती?

मापाच्या कपात ओतून मग पातेल्यात काढताना काही भाग कपालाच चिकटून राहतो, आणि कप निपटताना वेळ जातो तो वेगळाच. त्यापेक्षा पातेलेच काट्यावर ठेवून काटा शून्य करावा आणि हवे तेवढे ओतावे. अधिक पडण्याची भीती असेल, तर उलट करावे: भरलेली बरणी काट्यावर ठेवून शून्य करावी आणि चमच्याने काढत जावे, काटा वजा चिन्हासह जो आकडा दाखवील तेवढा मध बाहेर आला, असे समजावे. चमचा बरणीबाहेर आणि मध पातेल्यात असल्यामुळे चमच्याला चिकटलेल्या थेंबांपुरताच फरक राहतो. मापानेच घ्यावयाचे असेल, तर कपाला आतून तेलाचा हात लावावा.

सरबताचे सिरप आणि स्क्वॅश यांनाही हेच आकडे चालतील का?

नाही, कारण त्यांत साखर कमी असते. भारतीय मानकांनुसार फळांच्या सिरपात किंवा सरबतात विरघळलेले घन पदार्थ किमान ६५ टक्के, क्रशमध्ये ५५ टक्के आणि स्क्वॅशमध्ये ४० टक्के असावे लागतात. त्यांच्या घनता अनुक्रमे सुमारे १.३२, १.२६ आणि १.१८ येतात. अमृत कोकम सिरपाच्या जातीचे असल्याने त्याच्या १५ मिलीचे वजन २० ग्रॅम धरता येईल. कोकमाचे आगळ मात्र बिनसाखरेचे असते, त्याला हा हिशेब लागू नाही.

आहाराची नोंद ठेवताना चमचाभर मध म्हणजे चमचाभर साखरच धरावी का?

धरू नये, कारण मधाचा चमचा जड असतो. सपाट मोठा चमचाभर साखर सुमारे साडेबारा ग्रॅम भरते. तेवढाच मध २१ ग्रॅम भरतो आणि त्यात १७ ग्रॅमच्या आसपास शर्करा असते. ‘साखर सोडून मध घेतो’ म्हणणाऱ्याने चमच्यांची संख्या तीच ठेवली, तर त्याच्या पोटात शर्करा अधिक जाते. मधुमेह असलेल्यांनी म्हणून नोंद ग्रॅममध्येच ठेवावी.

इतक्या काटेकोरपणाची गरज कोठे आहे आणि कोठे नाही?

चटणीत, भाजीत, सरबतात किंवा खिरीत अजिबात नाही. तेथे जीभ हाच काटा. केक, बिस्किटे आणि पाव यांत पाच टक्क्यांपर्यंतची चूक सहसा पचते. चिक्की, कॅरमेल, मार्शमेलो यांसारख्या आटवून घट्ट करायच्या पदार्थांत द्रव ग्लुकोजचे प्रमाण चुकले, तर साखर पुन्हा दाणेदार होते किंवा पदार्थ चिवट राहतो. तेथे मापाचा कप बाजूला ठेवून काटाच घ्यावा. दोन-तीन ग्रॅमसारखी अगदी लहान मात्रा असेल, तेव्हा मात्र घरगुती काट्यापेक्षा मापाचा चमचा अधिक विश्वासाचा, कारण एक ग्रॅमच्या पायरीने मोजणारा काटा एवढ्या लहान वजनात सहज अर्धा ग्रॅम इकडे-तिकडे दाखवतो. थेंबांनी घालायच्या स्टीव्हियासारख्या द्रवांना तर वरचा कोणताही आकडा लावू नये. त्यांची गोडी त्यांच्या वजनातून येत नाही, आणि बाटलीवर दिलेले थेंबांचे प्रमाणच पाळावे.